टबातली अंबाडी

अंबाडीचं कोवळं पान दाताखाली आलं की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. उजवा मिटत नाही, डावाच. गालाच्या आत कुठंतरी एकदम पाणी सुटतं, मान थोडी वाकडी होते आणि मग जिवाला बरं वाटतं. सध्या हे रोज सकाळी चालू आहे. चहा व्हायच्या आत मी गच्चीवर जाते आणि टबातल्या एकेका झाडाचं एकेक पान तोडून चावून बघते. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या नव्या भाडेकरूबाईनं परवा न राहवून विचारलंच, "काकू, शुगरवर चांगलं असतं का हो?"

"नाही गं बाई, झाडांची हजेरी घेते," मी म्हटलं.

ती हसली. नवीन आहे बिचारी. कॉलनीतल्या जुन्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनी तिला खुर्ची देऊन सगळं सविस्तर सांगितलं असतं.

भाद्रपद लागला की मला घरात चैन पडत नाही. ऊन पुन्हा कडक व्हायला लागतं, पण पहाटे गच्चीच्या फरशीवर ओल असते. वसमतकडून येणाऱ्या बसमधून उतरलेली माणसं सांगतात, हळद कमरेच्या वर गेली. बाजारात महालक्ष्म्यांचे मुखवटे मांडलेले असतात, आघाडा-केण्याच्या जुड्या येतात, बांगड्यांच्या दुकानात शिरायला जागा नसते. औंढ्याहून श्रावण उरकून आलेल्या बायका अजून तिथल्या गर्दीच्याच गोष्टी सांगत असतात. आणि माझ्या गच्चीवर अंबाडी माझ्या डोक्याच्या वर गेलेली असते. लाल देठ, हाताच्या पंजासारखी कातरलेली पानं. वारा आला की सगळे पंजे एकदम हलतात. मला दरवर्षी तेवढाच आनंद होतो. वय वाढलं म्हणून काही कमी झालेला नाही.

मी शेतकऱ्याची सून असले तरी शेतकऱ्याची लेक नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरी माती म्हणजे पायाला लागलेली, उंबऱ्याबाहेर झटकायची वस्तू. मातीचं वेड मला लागलं ते फोनवर गच्चीवरच्या बागांचे व्हिडिओ बघून. एका निळ्या ड्रमला भोकं पाडून घेतली आणि जे दिसेल ते त्यात टाकायला लागले. भाज्यांची देठं, लिंबाचा वाळका पाला, तुरीचं भुसकट, सासरच्या कुरुंद्याहून आणलेला हळदीचा पाला, शेजारच्या गवळ्याकडचं शेण. गूळ आणि बेसन कालवून केलेलं जीवामृत तर मी असं प्रेमानं ढवळायचे की आमचे हे म्हणाले, "आमच्या वरणालाबी कधी एवढं ढवळत जा." कॉलनीतल्या महादेवाच्या देवळातलं निर्माल्यसुद्धा मीच पिशवी भरून आणायचे. फुलं, बेल, जे असेल ते ड्रमात. ह्या निर्माल्याची गोष्ट पुढं येईल.

काही महिन्यांनी ड्रमाचं झाकण उघडलं तेव्हा आत काळीभोर, भुसभुशीत माती तयार झाली होती. मूठ भरली तर मूठ राहते, बोट लावलं तर सुटते. मी आनंदानं ओरडलेच. ह्यांना वाटलं विंचू चावला.

त्याच वर्षी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुरुंद्याहून आमच्याकडं आल्या. आल्या म्हणजे आम्ही आणल्या. मामा, म्हणजे सासरे, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्या घरात एकट्या राहायच्या, आणि एक दिवस न्हाणीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण हाक ऐकून कोणी यायला बराच वेळ लागला. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. आता एकटं ठेवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्यांनी मात्र काहीच ठरवलं नव्हतं. येताना त्यांनी पिशवी आणली, ट्रंक आणली नाही. रोज सकाळी त्या जिन्याच्या पायरीवर बसून तपकीर ओढत बसायच्या आणि कोणी काही विचारलं की एकच उत्तर, "आमाला इथं करमत न्हाई. पायाला माती लागत न्हाई."

मग मी मोठ्या अभिमानानं माझी माती त्यांच्यापुढं परातीत आणून ठेवली. त्यांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"ही माती हाय का चिवडा?"

"सेंद्रिय आहे आत्याबाई. यात काहीही येतं."

"काहीबी येतं?" त्यांनी कमरेची चंची सोडली. तिच्यातून एक चिंधी काढली, चिंधीतून अंबाडीचं बी. मूठभरसुद्धा नसेल. त्यांच्या लग्नापासून हे बी त्या घरात होतं. दरवर्षी तुरीच्या कडेनं पेरायचं, भाजी खायची, सालीच्या सोपटाचे दोर वळायचे आणि बी राखेत घालून ठेवायचं. माहेराला आलेली लेक सासरी निघाली की तिच्या पदराला थोडं बी बांधून द्यायचं, ही त्या घरची रीत. पण बटईदारानं दोन वर्षं तणनाशक मारलं आणि बांधावरची अंबाडी संपली. आता होतं ते एवढंच.

"आयक रेखा," त्या म्हणाल्या. "ह्या मातीत माझी अंबाडी आली, अन् महालक्ष्म्यांच्या निवदाला तिची भाजी झाली, तर मी इथं राहीन. न्हाई आली, तर महालक्ष्म्या उठल्या का मी कुरुंद्याच्या बशीत. मंग मला कोणी आडवायचं न्हाई."

हे म्हणाले, "बराबर." एवढ्या मोठ्या गोष्टीवर हा माणूस एका शब्दात सही करून मोकळा झाला!

आषाढात बी टाकलं. आता खेड्यात पेरलं की माणूस आभाळाकडं बघतो आणि घरी येतो. गच्चीवर तसं नसतं. गच्चीवर नळ असतो. सकाळी मी पाणी घालायचे. मी खाली आले की आत्याबाई गुडघे धरत वर जायच्या आणि "हिनं कुठलं घातलं आसंल" म्हणून तांब्याभर घालायच्या. ऑफिसला जाताना हे हळूच बादली रिकामी करायचे, कारण आईनं राहावं म्हणून आपणही काहीतरी करावं असं त्यांना वाटत होतं. शेजारच्या गायकवाडवहिनीसुद्धा मिरच्यांना पाणी घालता घालता पाइप आमच्या टबाकडं वळवायच्या. कोणी कोणाला सांगितलं नाही, हे सगळं मागाहून उघड झालं. सगळ्यांना एवढी हौस होती की बी त्या हौसेतच बुडालं. चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस झाले तरी टबात काही हालचाल नाही. आत्याबाई पायरीवर बसून गप्प तपकीर ओढायच्या. मी माती उकरून बघितली तेव्हा फुगून मऊ पडलेलं बी हाताला लागलं. मला रडूच आलं.

आणि मग एका सकाळी टबाच्या अगदी कडेला, जिथं पाणी नीट पोचत नव्हतं तिथं, एक हिरवा कोंब दिसला.

मी जिन्यावरून जी खाली आले ती दोन पायऱ्या गाळूनच. "आली! आत्याबाई, आली!" त्या वर आल्या. वाकून, चांगला डोळा बारीक करून बघत राहिल्या. बोटानं देठ चाचपलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एकच आलं. पर दमाचं आलं." त्या दिवशी आमच्याकडं शिरा झाला.

ते झाड मी आयुष्यात विसरणार नाही. वाढायचं म्हणजे किती वाढावं! पंचमीला गुडघ्याला होतं, पोळ्याला खांद्याला आलं. हातासारखी कातरलेली पानं, पानाला पान लागलेलं, चारी बाजूंनी फुटवे. एका झाडात घरभराची भाजी होईल असा पसारा. आत्याबाई रोज संध्याकाळी त्याच्याजवळ पाट टाकून बसायला लागल्या. गावाकडच्या गोष्टी सांगायला लागल्या. एकदा तर गुणगुणतानासुद्धा मी त्यांना पकडलं. कॉलनीतल्या बायका बघायला यायच्या आणि मी प्रत्येकीला मातीचं कौतुक ऐकवायचे. झाडाला एक उग्र वास होता, पण मला वाटायचं, जीवामृत जरा जास्त झालं. आत्याबाईंचं नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलं होतं. बाजारात पोरांच्या टी-शर्टवर असंच पान छापलेलं मी बघितलं होतं. तेव्हा मला खरंच भरून आलं होतं की आजकालच्या पोरांनासुद्धा अंबाडीचं एवढं प्रेम आहे!

पान चाखून बघायचं कोणाला सुचलं नाही असं नाही. मला रोज सुचायचं. पण त्या घरात रीत होती की नवी अंबाडी आधी महालक्ष्म्यांच्या निवदाला, मग माणसाच्या तोंडात. मी एकदा पानाकडं हात नेला तर आत्याबाईंनी असं बघितलं, जसं मी देवीच्या ताटातली पुरणपोळीच उचलली. मग महिनाभर आम्ही सगळे त्या झाडाकडं नुसतं बघून लाळ गिळत होतो.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी दुपारी गायकवाडभाऊ आमच्या गच्चीवर आले. गायकवाडभाऊ म्हणजे वहिनींचे यजमान, पोलिसात जमादार. त्यांच्या घरी वर्षावासाचं धम्मग्रंथाचं वाचन चालू होतं, रोज संध्याकाळी चार घरची माणसं जमायची, आणि नेमकी त्यांची टाकी गळत होती. आमच्या बाजूनं पाइप दिसतो का बघायला ते वर आले. पाइप बघितला, वळले आणि थांबले.

"वहिनी, हे काय हाय?"

"अंबाडी!" मी छाती फुगवून म्हटलं. "घरच्या मातीतली. उद्या भाजी झाली की तुमच्याकडं पाठवते वाटीभर."

ते झाडाजवळ वाकले, वास घेतला. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "पाठवू नका. वहिनी, हा गांजा हाय."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पानाला हात न लावता बोटानं दाखवलं. "अंबाडीचं पान एकच राहतंय, नुसतं कातरल्यावाणी. हे बघा, ह्याची एकेक पात देठापस्तोर येगळी हाय. अन् वास? पंचवीस वर्षं झाली मला ह्या वासाला. हे घरात ठेवणं गुन्हा हाय वहिनी. बी कुठून आणलं?"

मी टबाच्या काठावर बसले. डोक्यात एकदम ड्रम आला, ड्रमातलं निर्माल्य आलं. महाशिवरात्रीला देवळामागं पोरांनी भांग घोटली होती. निवडून टाकलेलं बी झाडलोटीतून बेल-फुलांत गेलं असणार, आणि ते सगळं मीच भक्तिभावानं पिशवी भरून घरी आणलं होतं. मी भाऊंना सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांच्या मिशीखाली हसू यायला लागलं. ते दाबत म्हणाले, "घाबरू नका. आपसूक उगवलंय, मी साहेबाला तसं सांगतो. पर आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर उपटा."

उपटायचं सोपं होतं. आत्याबाईंना सांगायचं कसं? उद्या देवीला काय दाखवणार होतो आम्ही! ह्या विचारानं अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, त्याच वेळी हसूही फुटत होतं. तेवढ्यात जिन्यात त्यांचीच पावलं वाजली. हातात टोपली होती. उद्यासाठी पानं खुडायला आल्या होत्या.

मी सांगितलं. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला इथून घालवायचं आसंल तर सरळ सांगा. झाडाला काहून नावं ठेवता?"

"आई, तसं न्हाई हो," गायकवाडभाऊ म्हणाले. "पाहिजे तर एक पान जिभेला लावून बघा. आंबट लागलं तर मी माझा पट्टा उतरवून ठेवतो."

देवीच्या आधी चाखायचं? त्यांच्या उभ्या जन्मात हे झालं नव्हतं. त्यांनी एक पान तोडलं. ते बोटांत धरून त्या उभ्या राहिल्या. कुरुंद्याच्या घरातल्या महालक्ष्म्यांना मनातल्या मनात काही बोलल्या असतील. ओठ हलले. मग पानाचं टोक जिभेवर ठेवलं, चावलं. मी त्यांच्या डोळ्याकडं बघत होते. डोळा मिटला नाही. त्यांनी पान थुंकून टाकलं, पदरानं तोंड पुसलं.

"कडू हाय," त्या म्हणाल्या.

झाड त्यांनी स्वतःच उपटलं. कोणाला हात लावू दिला नाही. गायकवाडभाऊ ते पोत्यात घालून घेऊन गेले. कॉलनीतून जमादार गांजाचं पोतं घेऊन चाललेत आणि मागून वहिनी, "अंबाडी मिळाली का हो?" असं ओरडून विचारतायत, हे दृश्य आठवलं की मला आजही ठसका लागतो. पण तेव्हा हसायला मागं वळले, तर आत्याबाई रिकाम्या टबाजवळ बसल्या होत्या. "माझं बी गेलं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "देवी उठल्या का मला बशीत बसव."

मला ते सहन झालं नाही. "संपलं कसं आत्याबाई? लेकींच्या पदराला बांधून दिलं ते कुठं गेलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोवर फोन लावलाही होता. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावला माझ्या नणंदबाई, शारदावन्सं. "अगं, माझ्याकडं गोठा झाला तवापासून न्हाई," त्या म्हणाल्या. "पर मी माझ्या जावेला दिलं हुतं. थांब." थांब म्हणून त्यांनी फोन चालूच ठेवला. वहाणांचा आवाज, कुत्रं, कोणाला तरी घातलेली हाक, आणि मग जोरात, "हाय! हाय! तुरीच्या कडंनं हाय!" मी स्पीकर लावला होता. आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेऊन तोंडाशी नेला आणि शेतातल्या माणसाला हाक मारतात तशा ओरडल्या, "देठ लाल हाय का गं?"

"लालबुंद!"

सकाळी हे मोटरसायकलवर पुसेगावला गेले आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली अंबाडी घेऊन आले. आम्ही दोघींनी पानं खुडली, उकडली, पिळली. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे घालून घोटली. पण कोणी चाखली नाही. रीत म्हणजे रीत. महालक्ष्म्या उंबऱ्यातून आल्या, हळदीकुंकवाची पावलं झाली, ताट मांडलं, आरती सुरू झाली, आणि आमच्या सगळ्यांचं लक्ष ताटातल्या त्या हिरव्या गोळ्याकडं. आंबट असेल का? आपलीच असेल का? ह्यांनी तर आरतीचं एक कडवं गाळलंच. गायकवाडवहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी भाऊंना कोपरानं ढोसलं. भाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मी साक्षीला आलोय."

नैवेद्य दाखवून झाला. आत्याबाईंनी बोटभर भाजी तोंडात घातली. आम्ही सगळे पुढं वाकलो. आणि त्यांचा डावा डोळा हळूहळू मिटला. मान वाकडी झाली. टाळूला जीभ लावून त्यांनी असा आवाज काढला की शेजारच्या घरात ऐकू गेला असेल.

"आपलीच हाय," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. सासूला मिठी मारायची आमच्याकडं पद्धत नाही. त्यांनीही मला ढकललं नाही.

तिसऱ्या दिवशी देवी उठल्या. मी पिशवीचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. संध्याकाळी त्या गच्चीवर जाऊन टबातली माती हातानं उकरत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "काय काय घालती गं तू हिच्यात? मेला गांजा एवढा आला, तर अंबाडी केवढी येईल!"

पण बस त्यांनी पुढं ढकलली होती की सोडून दिली होती, हे मला कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते झालं तरी पिशवी खुंटीवरच लटकत होती. मग मार्गशीर्षात शारदावन्सं आल्या. वाळलेल्या बोंडांतलं बी घेऊन आल्या, चांगली दोन ओंजळी. मी ते सुपात घेतलं, आत्याबाईंसमोर गेले, आणि वरवर हसत विचारलं, "बांधू का तुमच्या पदराला?"

निघणाऱ्या बाईच्याच पदराला बी बांधतात. त्यांना माझा प्रश्न बरोबर कळला. त्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"माझ्या पदराला काहून? मी कुठं चालले? आखाडात टबात घाल. अन् पाणी एकटीनंच घालायचं, सगळ्या गावानं न्हाई."

तेव्हापासून त्या इथंच आहेत. घरातली रीतही त्यांनी स्वतःच बदलली. आता नवी अंबाडी आधी सुनेनं चाखायची, मग देवीला जायची. म्हणून भाद्रपदात मी रोज सकाळी एकेका झाडाचं पान चावते. आजही चावलं. खालून जिन्यातून हाक आली, "लागलं का गं आंबट?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. डोळा मिटला होता, तोंड पाण्यानं भरलं होतं. त्या मात्र माझ्या गप्प राहण्यावरूनच ओळखून हसायला लागल्या होत्या.